समितीत 30 टक्के बायका घेतल्या, तरी त्या गप्प का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन समाजगटांत काही वर्षं चकमकी झाल्या, आता जरा शांत आहे. तुमच्या संस्थेने गावपातळीवर 15 जणांच्या शांतता समित्या उभ्या केल्या आणि किमान 30 टक्क्यांच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीत 5 बायका घेतल्या. त्या येतात, सही करतात, बोलत मात्र नाहीत. देणगीदार 'लिंगभाव विश्लेषण', म्हणजे बाई-पुरुषांकडून समाजाच्या काय अपेक्षा असतात याचा अभ्यास, मागतोय, आणि तुमचे सहकारी म्हणताहेत, "भांडण जमिनीचं आणि तरुण पोरांचं आहे, यात बायकांचा विषय आला कुठून?" लिंगभावाच्या रूढींचा संघर्षाशी खरंच संबंध असतो की ही नुसती कागदं रंगवायची कामं आहेत, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. निर्णयाच्या जागी बायका किती, हा एक. दुसरा असा की तिथे 'मर्द' म्हणवून घ्यायला पुरुषाला काय करावं लागतं, 'घरंदाज' म्हणवून घ्यायला बाईने काय करायचं नसतं, आणि या अपेक्षा भांडण पेटवायला, लांबवायला किंवा मिटवायला कशा कामी येतात. पाच खुर्च्या हे पहिल्याचं उत्तर झालं. दुसऱ्याला अजून हातच घातलेला नाही, आणि पहिलं अडलंय ते त्यामुळेच, असं माझं मत आहे. सहकाऱ्यांना एवढंच विचारा: भांडण तरुण पोरांचं आहे म्हणता, मग पोरींचं का नाही? ते जे काही सांगायला लागतील तिथूनच तुमचं विश्लेषण सुरू होतं.

पुढे जे लिहितोय ते सगळीकडे जसंच्या तसं लागू होणार नाही. वरून हुकूम सुटणारी शिस्तबद्ध फौज असेल तर अत्याचार थांबवण्याची किल्ली सेनानायकाच्या हातात असते. कुळाकुळांतलं वैर असेल तर ती मानापमान आणि नातेसंबंधांत असते. शहरी दंगल असेल तर अफवा किती वेगाने पसरते यावर बरंच ठरतं. तुमच्या वर्णनावरून प्रकार मधला, म्हणजे वैराचा दिसतो, म्हणून तसं धरून लिहितोय.

आधी भांडणाचं इंधन पाहू, कारण समितीच्या कामकाजात ते सहसा येतच नाही. दक्षिण सुदानमधल्या गुरं राखणाऱ्या समाजांचं उदाहरण घ्या. तिथे लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना गुरं द्यायची असतात, आणि ती दोन-चार नव्हे, डझनांनी. कळप कुटुंबाचा असतो, त्यातून थोरल्याचं लग्न होतं आणि धाकटे ताटकळत राहतात. लग्न झालेलं नाही तोवर तो वयाने कितीही वाढला तरी पोरच, बैठकीत त्याच्या शब्दाला वजन नाही. अशा तरुणाच्या हाती बंदूक आली की दुसऱ्यांची गुरं पळवून आणणं हा पुरुष होण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता ठरतो. पळवलेली गुरं बाजारात आली की देण्याच्या अपेक्षाही वर चढतात, म्हणजे पुढच्या पोरांना आणखी मोठी धाड घालावी लागते. दुसरीकडे, ज्यांचा कळप गेला ते तो भरून काढायला घरातल्या मुलीचं लग्न लवकर लावून देतात. मुलींचं कमी वयात लग्न आणि मुलांची धाड ही एकाच हिशेबाची जमा आणि खर्चाची बाजू आहे. शांतता समिती 'धाडी बंद' असा ठराव करते, लग्नाचा हिशेब तसाच राहतो, आणि पुढच्या कोरड्या ऋतूत ठराव मोडला की सगळे पोरांच्या बेशिस्तीला दोष देतात.

तुमच्याकडे गुरं नसतील, दुसरं काहीतरी असेल: जमिनीचा तुकडा, टोळीत मिळालेलं नाव, भावाच्या खुनाचा बदला. ते शोधायला मी चार साधे प्रश्न विचारतो. मुलगा 'पुरुष झाला' असं इथे कधी मानतात? भांडणाला न गेलेल्याला काय म्हणून हिणवतात, आणि कोण हिणवतं? माघार घेऊनही मान टिकला असं अलीकडे कुणाच्या बाबतीत घडलंय? लढाई संपली तर कुणाचं महत्त्व कमी होईल? हे प्रश्न म्हातारे पुरुष, तरुण पुरुष, सासुरवाशिणी आणि म्हाताऱ्या बायका अशा चार वेगळ्या गटांना वेगवेगळं बसवून विचारायचे, एका गटात सहा ते आठ जण, तास-दीड तास. सगळ्यांना एकत्र बसवलंत तर फक्त म्हाताऱ्या पुरुषांची उत्तरं हाती लागतील आणि बाकीचे माना डोलावतील. दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. 'कोण हिणवतं' याच्या उत्तरात पुष्कळदा बायका येतात: आई, बहीण, होणारी बायको. पराक्रम्याची गाणी गाणाऱ्या आणि घरी बसलेल्याला टोमणे मारणाऱ्या बायका हा गुरं राखणाऱ्या अनेक समाजांतला परिचित प्रकार आहे.

इथेच पहिला मोठा गैरसमज गळून पडायला हवा. बायका मुळातच शांतताप्रिय असतात ही समजूत ऐकायला बरी वाटते, कामात घातक ठरते. रवांडात 1994 च्या नरसंहाराच्या वेळी कुटुंब आणि महिला विकास खात्याच्या मंत्री असलेल्या पॉलिन न्यिरामासुहुको यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2011 मध्ये नरसंहाराच्या गुन्ह्यात आणि मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून बलात्काराच्या जबाबदारीतही दोषी ठरवलं. नेपाळच्या माओवादी सेनेत आणि श्रीलंकेतल्या तमिळ वाघांत बायका मोठ्या संख्येने लढल्या. 'बाई म्हणजे शांतता' असं धरून चाललात की दोन चुका होतात. लढलेल्या बायका तुमच्या यादीतून गळतात. आणि उरलेल्यांच्या डोक्यावर सगळं गाव समजूतदार करण्याचं ओझं येतं, तेही बिनपगारी.

याची उलटी बाजू म्हणजे 'पुरुष म्हणजे लढवय्या'. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात पुरुष आणि मुलगे यांना बायका-मुलांपासून वेगळं काढून मारण्यात आलं. मृतांचा आकडा 8,000 च्या आसपास आहे. निवड करायला वय आणि लिंग एवढंच पुरलं. हीच समजूत सौम्य रूपात तपासणीच्या नाक्यानाक्यावर दिसते. 15 ते 50 वयाचा पुरुष संशयित, त्याला बाहेर काढणाऱ्या गाडीत जागा नाही, मदतीच्या यादीत तो शेवटचा. ज्याला लढायचं नाही त्याला जायलाच जागा नसेल तर तो शेवटी कुठल्यातरी बाजूला जाऊन मिळतो. पुरुषांवरचे लैंगिक अत्याचारही असेच नोंदीबाहेर राहतात. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाच्या अगदी पहिल्या खटल्यात बंदी छावणीतल्या पुरुषांवरच्या अशा अत्याचाराचा पुरावा पुढे आला होता. तरीही कित्येक अर्जांवर हा प्रश्न फक्त बायकांना विचारायचा असतो. पुरुषांना विचारताना 'लैंगिक' शब्द वापरलात तर उत्तर 'नाही' येतं. 'कोठडीत असताना नाजूक भागावर मारलं का, विजेचे झटके दिले का, कपडे काढायला लावले का' असं विचारलं तर बोलणं सुरू होऊ शकतं. अर्थात, पुढे उपचाराची सोय असेल तरच विचारा. उघडी केलेली जखम तशीच सोडून येणं त्याहून वाईट.

आता तुमच्या पाच खुर्च्यांकडे येतो. सोमालियाचं उदाहरण इथे फार उपयोगी पडतं. तिथली बाई बापाच्या कुळाची असते आणि लग्नाने नवऱ्याच्या कुळाशी जोडलेली. त्यामुळे दोन कुळांत गोळीबार चालू असतानाही ती निरोप घेऊन ये-जा करू शकते, दोन्हीकडे तिचं रक्ताचं किंवा सासरचं कुणीतरी असतं. ज्या कारणाने ती निरोप्या म्हणून चालते त्याच कारणाने ती प्रतिनिधी म्हणून चालत नाही: 'ही नक्की कुणाची?' असा प्रश्न निघतो. तिथल्या रूढ कायद्यात खुनाची भरपाई पुरुषासाठी 100 उंट आणि बाईसाठी 50, यावरून तिची जागा कळते. 2000 साली जिबूतीतल्या आर्ता इथे वाटाघाटी झाल्या तेव्हा प्रतिनिधित्व कुळांनुसार होतं आणि कुळांनी बायकांना पाठवायला नकार दिला. मग सोमाली कार्यकर्त्या आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सहावं कूळ' म्हणून बायकांचं स्वतंत्र कूळ जाहीर केलं आणि त्या नावाने आत जागा मिळवली. जागावाटपाचा पायाच बायकांना बाहेर ठेवणारा असेल तर त्याच पायावर टक्केवारी मागून फार काही मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

उत्तर आयर्लंडमध्येही नियमानेच काम केलं. 1996 मध्ये तिथल्या शांतता वाटाघाटींसाठी निवडणूक झाली तेव्हा 110 पैकी 20 जागा अशा ठेवल्या होत्या की सगळ्यात जास्त मतं मिळवणाऱ्या पहिल्या 10 पक्षांना प्रत्येकी 2 मिळतील. त्याच वर्षी घाईघाईने उभ्या राहिलेल्या महिला आघाडीला जेमतेम 1 टक्का मतं मिळाली, पण तेवढ्यावर 2 जागा आल्या आणि मोनिका मॅकविल्यम्स व पर्ल सेगर आत गेल्या. आघाडीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांतल्या बायका होत्या, म्हणून ती कुठल्या एका बाजूची म्हणून बाजूला सारता येत नव्हती. 10 एप्रिल 1998 च्या शांतता करारात हिंसेच्या बळींची दखल, मिश्र वस्ती आणि एकत्र शिक्षणाला चालना, नागरी मंच हे जे मुद्दे आले त्यांमागे या आघाडीचा जोर होता. दोन्ही समाजांना रोज भिडणारे हे प्रश्न सत्तेच्या वाटणीच्या चर्चेत सहज मागे पडले असते.

तुमच्या समितीत त्या पाच जणींना निवडलं कुणी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढाऱ्यांनी नावं दिली असतील तर त्यात एकीचा सासरा समोर बसलेला असणार, एकीचा दीर. तिने बोलावं तरी कसं? दुरुस्ती खर्चिक नाही, पण क्रमाने करावी लागते. बायकांची नावं बायकांच्याच सभेतून येऊ द्या, आणि जिचा सासरा, नवरा किंवा दीर त्याच समितीत आहे तिला दुसऱ्या समितीवर घ्या. बैठकीच्या आदल्या दिवशी फक्त त्या पाच जणींची तासभर बैठक ठेवा आणि त्यांचे दोन मुद्दे लेखी घेऊन ते कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या तीन विषयांत घाला. शेवटी 'महिलांना काही बोलायचंय का?' असं विचारलं जातं तेव्हा निम्मे पुरुष चपला शोधत असतात. बैठक चालवायला दोघे, एक पुरुष आणि एक बाई, आळीपाळीने. इतिवृत्त बाईनेच लिहायचं ही सवय मोडा, लिहिणारी व्यक्ती बोलू शकत नाही. वेळ संध्याकाळची नको. प्रवासखर्च सगळ्यांना सारखा आणि रोख. लहान मूल घेऊन येणारीसाठी शेजारची खोली हवी. बसायची जागा ठरवून द्या, नाहीतर पाचही जणी दाराशी एका ओळीत बसतील.

यातून त्या बोलू लागतील, पण काय बोलायचं हे समितीच्या नोंदवहीवर ठरतं. समिती कुठल्या घटना 'शांतताभंग' म्हणून धरते ते पाहा. बहुतेक ठिकाणी यादी अशी असते: गोळीबार, जाळपोळ, चोरी, मारहाण. या यादीप्रमाणे सहा महिने 'शांत' गेले असं अहवालात येतं, आणि त्याच सहा महिन्यांत पाण्यावर जायची वाट बंद झालेली असते, बाजारात दुसऱ्या गटाच्या बायकांना माल देत नाहीत, मुलींनी शाळा सोडलेली असते. भांडण पुन्हा पेटण्याआधीच्या खुणा बऱ्याचदा याच असतात, आणि त्या आधी बायकांना कळतात, कारण त्या वाटेने त्याच जातात. म्हणून यादीत चार नोंदी वाढवा: वाट, पाणी, बाजार किंवा शेत अडवणं; धमकी आणि अंगझडती; जबरदस्तीने किंवा घाईने लावलेलं लग्न; घरात शस्त्राचा धाक. रकाने मोजकेच ठेवा: तारीख, ठिकाण, प्रकार, कळायला किती दिवस लागले, काय केलं. 'कळायला किती दिवस' हा रकाना टाळू नका. 20 दिवसांवरून तो 3 वर आला तर लोकांचा समितीवर विश्वास बसतोय हे त्यातून कळतं.

याच वहीमुळे घातही होतो. लैंगिक अत्याचाराची घटना नावासकट लिहिली गेली आणि पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचली गेली, तर तिच्या जिवावर बेतू शकतं आणि पुढे कुणीही काही सांगायला येणार नाही. अशा घटना समितीच्या वहीत लिहायच्याच नाहीत. प्रत्येक गटातल्या एकेका प्रशिक्षित बाईकडे स्वतंत्र नोंद, नावाऐवजी क्रमांक, कुलपात. समितीचं काम फक्त तिला दवाखान्यापर्यंत सुखरूप पोचवणं, आणि ते तिला हवं असेल तर. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भधारणा टाळण्याची गोळी 120 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं. तेव्हा वाहन कुठून मिळेल आणि रात्री कुणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं हवं. आणि बलात्काराची 'तडजोड' दोन घरांमध्ये बसून कधीही करायची नाही, याला अपवाद नाही.

तडजोडीवरून आठवलं, वैर मिटवायला मुलगी देण्याची पद्धत. पाकिस्तानात 'स्वरा' किंवा 'वनी' म्हणतात. 2011 च्या कायद्याने तिथे त्यावर बंदी आहे, पण नाव बदलून किंवा नाव न घेता हे अनेक समाजांत चालतं. पंचांच्या दृष्टीने भांडण मिटलं, मुलीला मात्र जन्मभर शत्रूच्या घरात राहायचं असतं. तुमच्या समितीच्या नियमांत एक ओळ आजच घाला: कुठल्याही समझोत्यात माणूस देवघेवीत येणार नाही. ती ओळ नसेल तर एखाद्या कठीण प्रकरणात म्हातारी मंडळी तो तोडगा पुढे करतील आणि पेच सुटतोय म्हणून सगळे मान्य करतील.

बाईच्या अब्रूची अफवा हा आणखी एक नाजूक भाग. 'आमची मुलगी पळवली', 'आमच्या सुनेची छेड काढली' ही बातमी जमिनीच्या वादापेक्षा कितीतरी लवकर माणसं गोळा करते, कारण गप्प बसणारा पुरुष नामर्द ठरतो. पहिल्या काही तासांत दोन्ही गटांतली एकेक बाई अशा दोघींनी मुलीला प्रत्यक्ष भेटायचं, तिच्या घरच्यांच्या अनुपस्थितीत. ती स्वतःहून गेली की नेली गेली, हे तिच्याकडूनच कळलं पाहिजे. बाहेर काय सांगायचं ते तिच्या संमतीने. 'मुलगी सुरक्षित आहे, चौकशी चालू आहे' एवढंही कधीकधी जमावाला थांबवायला पुरतं. पुरुष कार्यकर्ते त्याच वेळी तरुणांच्या अड्ड्यांवर असायला हवेत, समितीच्या कार्यालयात नव्हे.

आईपणाच्या जोरावर काय साधतं आणि कुठे अडतं हेही जाणून घ्या, कारण देणगीदारांना ही भाषा फार आवडते. 2003 मध्ये घानातल्या अक्रा इथे लायबेरियाच्या शांतता वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा लायबेरियन कार्यकर्त्या लेमा ग्बोवी आणि इतर बायकांनी सभागृहाची दारं अडवली. हटवायला आले तेव्हा ग्बोवी यांनी अंगावरचे कपडे उतरवण्याची धमकी दिली. आईच्या वयाच्या बाईला तसं पाहणं त्या समाजात शाप मानतात, त्यामुळे सुरक्षारक्षक मागे हटले. मध्यस्थ अब्दुलसलामी अबुबकर यांनी बायकांशी बोलणी केली आणि त्यानंतर चर्चेला वेग आला. 18 ऑगस्ट 2003 ला करार झाला. रूढी मोडून नव्हे, रूढीच हाती धरून मिळवलेला हा विजय. नागालँडमध्ये 1984 साली स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनने 'आता रक्त सांडू नका' म्हणत भूमिगत गटांशी बोलणी केली, त्यांचा शब्द मानला गेला. पण नगरपरिषदांसारख्या शहरी संस्थांत बायकांना 33 टक्के आरक्षण देण्याची वेळ आली तेव्हा 2017 मध्ये हिंसक विरोध झाला, कोहिमात सरकारी इमारत जाळली गेली, आणि आरक्षणासह निवडणूक व्हायला जून 2024 उजाडलं. आई म्हणून विनवणी चालते, सदस्य म्हणून मत चालत नाही. तुमच्या समितीत कोणत्या टप्प्याला हा बदल होतो ते बारकाईने बघा. बहुधा पैशाचा किंवा जमिनीचा विषय निघतो तेव्हा.

शस्त्रं खाली ठेवण्याचा टप्पा तुमच्याकडे अजून आलेला नसावा, तरी थोडं लिहितो. सिएरा लिओनमध्ये यादवीनंतर माजी लढवय्यांना पुनर्वसनाचे लाभ मिळवायला शस्त्र जमा करायचं होतं, बऱ्याच ठिकाणी रायफल सुटी करून पुन्हा जोडून दाखवायला लावत. स्वयंपाक, हेरगिरी, सामान वाहणं, सेनानायकाची 'बायको' म्हणून राहणं हे ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्याकडे बंदूक नव्हती, असलीच तर ती वरिष्ठाने काढून दुसऱ्याला दिली. परिणामी नोंदलेल्या सुमारे 72,000 जणांत बायका 5,000 हूनही कमी. शेजारच्या लायबेरियात मग निकष सैल केले, 150 गोळ्या जमा केल्या तरी चालेल आणि गटासोबत राहिलेल्या बायकांना शस्त्राची अटच नको. तिथे लाखाच्या वर नोंदी झाल्या, त्यात बायका सुमारे 22,000. शस्त्रं मात्र 28,000 च्या आसपासच आली, कारण याद्या सेनानायकांच्या हातात होत्या आणि सैल निकषाचा फायदा त्यांच्या नातलगांनीही घेतला. म्हणजे निकष बदलताना यादी कोण करतो हेही बदलावं लागतं. नेपाळमध्ये वेगळीच अडचण: माओवाद्यांच्या तळावर आंतरजातीय लग्नं झाली, मुलं झाली, आणि परत गेल्यावर ना सासर स्वीकारी ना माहेर. पैसे हातात देऊन हा प्रश्न सुटत नव्हता.

परतलेल्या पुरुषांचंही तेच. काल ज्याला सगळे घाबरत होते तो आज बेकार म्हणून घरी बसलाय आणि बायको बचत गटाच्या कर्जावर घर चालवतेय. फक्त बायकांसाठी योजना आणल्यात तर मार तिलाच बसतो. पहिला हप्ता देण्याआधी नवऱ्यासह दोन बैठका घ्या, पैशाचा निर्णय कोण घेणार हे तिथे बोलून घ्या. तरुणांना नुसती मजुरी पुरत नाही, मान मिळेल असं काहीतरी लागतं: समितीत स्वतंत्र जागा, पाणीवाटपाची जबाबदारी, खेळाच्या संघाची. लग्नातल्या देण्याघेण्यावर कमाल मर्यादा घालायची असेल तर दोन्ही गटांनी एकाच दिवशी घालावी. एकाच बाजूने घातली की मुली दुसरीकडे द्यायला लागतात आणि मर्यादा चार महिन्यांत बारगळते.

देणगीदाराला लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. बायका सहभागी असल्या की करार 15 वर्षं टिकण्याची शक्यता 35 टक्क्यांनी वाढते हा आकडा तुम्हाला सगळीकडे दिसेल. बायका, शांतता आणि सुरक्षा या विषयावरच्या सुरक्षा परिषदेच्या 2000 सालच्या 1325 क्रमांकाच्या ठरावाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या अभ्यासात तो आहे. त्यावर फार भिस्त ठेवू नका. जे गट बायकांना आत घेतात ते इतर बाबतींतही बहुधा लवचीक असतात, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्यातून वेगळं काढता येत नाही. दुसरी गोष्ट भाषेची. कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोरांच्या वाटाघाटींत 2014 पासून लिंगभाव उपसमिती होती, मसुदाही त्यामुळे चांगला झाला होता. पण त्या करारावरच्या 2 ऑक्टोबर 2016 च्या सार्वमतात 'नको' बाजू 54,000 पेक्षा कमी मतांनी जिंकली, आणि विरोधाच्या प्रचारात 'लिंगभावाची विचारसरणी कुटुंब मोडणार' हा मुद्दा जोरात वापरला गेला होता. पुढच्या मसुद्यात ती भाषा आवळून घ्यावी लागली. गावात 'लिंगभाव' हा शब्दच नको. 'सातबाऱ्यावर दोघांचं नाव', 'पाण्याची वाट', 'धाकट्याचं लग्न' असं बोला, आणि जड शब्द देणगीदाराच्या अहवालापुरते ठेवा. अहवालात 30 टक्क्यांचा रकाना भराच, शेजारी तीन आकडे द्या: बायकांनी मांडलेले विषय किती, त्यांतल्या कितींवर निर्णय झाला, आणि निर्णयानंतर 30 दिवसांत प्रत्यक्ष किती अमलात आले.

शेवटची शक्यता अशी की पाच जणी स्वतःच म्हणतील, आम्हाला आत्ता त्या बैठकीत बोलायचं नाही, घरी त्रास होतो. तसं असेल तर ओढून आणू नका. त्यांची स्वतंत्र सभा महिन्यातून एकदा चालू द्या, तिथले ठराव सहीशिक्क्याने समितीकडे जाऊ द्या आणि समितीने 15 दिवसांत लेखी उत्तर देणं बंधनकारक करा. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. तोवर त्या चार गटांच्या बैठका घेऊन टाका. उत्तरं हाती आली की लिहा, विशेषतः हिणवण्याच्या प्रश्नाची, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.